चारशेरी करवत आणि थकलेला हात

पुष्कळ वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. तेव्हा डोंगरांवर माणसांपेक्षा झाडे अधिक होती, आणि राजाचा वाडा असो की गरिबाचे खोपट, दोहोंचे वासे एकाच रानातून येत. त्या रानाच्या कडेला करवत्यांचे एक गाव होते. गावातील पुरुष लाकूड कापत, आणि त्यावरच गावाचा चरितार्थ चाले.

त्या गावाची एक रीत होती. करवत्याची करवत झिजली की तो लोहाराकडून नवी करवत घडवून घेई. ती करवत मात्र त्याला कोणत्याही दिवशी मिळत नसे. खंडेनवमीच्या सकाळी, गावातील सारी हत्यारे पूजेला मांडली की, नवी करवत हाती घेऊन तो पारासमोर उभा राही. हात सरळ पुढे ताणून करवत धरी. डफवाला डफावर अकरा थापा देई. अकरावी थाप पडेपर्यंत हात खाली आला नाही, म्हणजे करवत त्याची झाली. मग तिचे वजन साऱ्या गावाला ओरडून सांगण्यात येई, आणि त्या दिवसापासून तेच त्या माणसाचे नाव होई. कोणी तीनशेरी, कोणी साडेतीनशेरी. चारशेरी करवत्या गावात क्वचितच असे. आणि जो असे, त्याला पंक्तीत पहिले पान मिळे.

रीत जुनी होती, आणि जुनी म्हणून कोणी तिच्याकडे नीट पाहिले नव्हते. पाहिले असते तर ध्यानात आले असते की, वर्षातून ज्या एका दिवशी करवत्याला करवत चालवायची नसे, नेमक्या त्याच दिवशी तो करवत पारखीत असे.

त्या गावात एक करवत्या होता. त्याचा बाप चारशेरी होता, आजाही चारशेरी होता. स्वतः तो मात्र तरुणपणापासून तीनशेरी म्हणूनच ओळखला जात होता, आणि हे शल्य त्याच्या मनात रुतून बसले होते. त्याचे वय चाळिशीला टेकले, जुनी करवत झिजून सुरीसारखी झाली, तेव्हा त्याने मनाशी ठरविले की, आता घ्यायची ती चारशेरीच.

गावचा लोहार वारल्यापासून त्याची बायकोच भट्टी चालवीत असे. तिने पाणी दिलेले पाते दहा वर्षे धार सोडीत नाही, असा तिचा लौकिक होता. करवत्या तिच्याकडे गेला. लोहारणीने त्याच्यापुढे दोन करवती ठेवल्या. दोन्हींची लांबी सारखी, दाते सारखे, मूठही सारखीच. एकीचे पाते मात्र सलग आणि जाड पाठीचे होते. दुसरीची पाठ पातळ होती, टोक निमुळते होते, आणि पात्याच्या मधोमध लांबट भोके पाडलेली होती.

"मावशी, ही कसली चाळण घडवली तुम्ही?" करवत्याने विचारले.

"दाते लाकूड कापतात आणि पाठ दात्यांना सरळ धरते," लोहारीण म्हणाली. "मधले लोखंड काहीच करत नाही. ते फक्त तुझ्या हाताला लटकते. म्हणून मी काढून टाकले. टोकाकडचे तर अधिक काढले, कारण लांब टोकावरचा पावशेर मुठीजवळच्या शेरासारखा जाणवतो. ही अडीच शेरांची आहे. हिच्यात खोट एकच. हिला पिळायचे नाही, आणि पहारीसारखी तर मुळीच वापरायची नाही. तेवढे सांभाळलेस तर दिवसभर साथ देईल."

"आणि ही?"

"ही चार शेरांची. भक्कम आहे, आडदांडपणाही सोसेल. जमिनीवर पडलेला ओंडका वरून कापायचा, तर हिच्यासारखी हीच."

"तेच तर," करवत्या म्हणाला. "जड करवत आपल्या भारानेच लाकडात उतरते, असे बाबा म्हणत."

"उतरते खरी," लोहारीण म्हणाली, "पण चढत नाही. तू एक कर. आज संध्याकाळी काम उरकल्यावर ये, आणि दोन्ही उचलून पाहा. मग ठरव."

करवत्याला हसू आले. "संध्याकाळी? मावशी, नवरी कोणी तिन्हीसांजेला पाहते का? खंडेनवमीच्या सकाळी पारासमोर उचलीन. सारा गाव पाहील."

खंडेनवमी उजाडली. करवत्या दोन दिवस रानात गेला नव्हता. पहाटे न्हाला, अंगाला तेल चोळले, पोटभर खीर खाल्ली आणि पारासमोर उभा राहिला. चारशेरी करवत त्याने सरळ पुढे धरली. डफाच्या अकरा थापा पडल्या. हात तसूभरही हलला नाही. लोकांनी माना डोलावल्या. त्याने डोळ्यांतले पाणी उपरण्याला पुसले, आणि पुढे कोणी न सांगताच पंक्तीतल्या पहिल्या पानावर जाऊन बसला.

त्याच दिवशी त्याच्या बायकोच्या भावानेही करवत घेतली. हा मेहुणा चणीने किरकोळ, स्वभावाने मिस्कील. तो आदल्याच संध्याकाळी, अंगाला भुसा तसाच चिकटलेला असताना, लोहारणीकडे गेला होता आणि भोकांची करवत निवडून आला होता. डफवाल्याने "अडीचशेरी" असे पुकारले तेव्हा बायकांतही हशा पिकला.

"काय रे," करवत्या म्हणाला, "लाकूड कापणार की पीठ चाळणार?"

"दोन्ही करीन, दाजी," मेहुणा म्हणाला. "तुमच्या हाताला संध्याकाळी भाकरी तुटली नाही, तर पीठही मळून देईन."

त्याला शेवटचे पान मिळाले. तेथे भात संपत आला होता. पण त्याने तक्रार केली नाही.

दिवस जाऊ लागले. सकाळच्या वेळी चारशेरी करवत खरोखरच देखणे काम करी. दुपार टळली की मात्र करवत्याचा खांदा बोलू लागे. तिसऱ्या प्रहरी टोक खाली झुके, कापाची रेघ वाकडी जाई, आणि तो दगडाला टेकून उगाच दात्यांना कानस लावीत बसे. घरी आल्यावर त्याला डोक्यावरचे पागोटे सोडायला हात वर नेता येत नसे. बायको पागोटे सोडी, खांद्याला तेल लावी.

एकदा ती म्हणाली, "दिवसभर तुम्ही झाडाला कापता, की झाड तुम्हांला कापते?"

"चारशेरी आहे ती," करवत्या म्हणाला. "सवय व्हायला वेळ लागायचाच."

"आठ महिने झाले," ती म्हणाली.  

पावसाळा तोंडावर आला. रानातील ओढ्याच्या काठी एक जुना अर्जुनवृक्ष होता. मागच्या पुरात त्याची मुळे उघडी पडली होती. तो आडवा पडून ओढा तुंबण्यापूर्वी त्याच्या फांद्या उतरवाव्यात, असे गावाने ठरविले. करवत्या, मेहुणा आणि आणखी चौघे सकाळपासून कामाला लागले. डफवालाही दोर ओढायला आला होता.

तिसरा प्रहर उलटला. मेहुणा ओढ्यात उतरून तुटलेल्या फांद्या बाजूला करीत होता. त्याची करवत काठावर ठेवलेली होती. वरच्या डोंगरात पाऊस झाला असावा, कारण पाणी गढूळ होऊन वाढू लागले होते. काठाची माती सुटली, आणि कोणी हाक मारण्यापूर्वीच अर्जुनवृक्ष ओढ्यात आडवा झाला.

मेहुणा खोडाखाली आला नाही, हे नशीब. परंतु मांडीएवढी एक फांदी वाकून खाली आली आणि तिच्या टोकाने त्याचा पाय दगडाशी दाबून धरला. हाड मोडले नव्हते. पण पाय सुटत नव्हता. तो बसल्या जागी अडकला होता. पाण्याला वाट राहिली नव्हती, कारण पडलेल्या झाडाच्या पाल्याने ओढा बंद केला होता. पाणी त्याच्या कमरेशी होते, ते पाहता पाहता छातीशी आले.

खोड गडगडू नये म्हणून चौघांनी आणि डफवाल्याने त्याला दोर टाकले आणि पाय रोवून धरले. एकाचाही हात सैल पडला असता, तर खोड मेहुण्याच्या अंगावर आले असते. कापायला उरला एकटा करवत्या.

तो चारशेरी घेऊन पाण्यात उतरला. फांदी मेहुण्याच्या डोक्यावरून, करवत्याच्या खांद्याइतक्या उंचीवरून गेली होती. एक टोक खोडाला, दुसरे दगडाला. अशी फांदी वरून कापली तर काप मिटतो आणि करवतीला चावतो, हे करवत्याला ठाऊक होते. ती खालूनच वर कापायला हवी होती. पायाखाली शेवाळ होते, म्हणून डावा हात आधाराला गुंतला. उजव्या एका हाताने करवत वर उचलून धरायची आणि चालवायची.

"दाजी, काठावर माझी करवत आहे. ती घ्या," मेहुणा म्हणाला.

काठावरचे पाचही जण ऐकत होते. "तू तोंड मीट," करवत्या म्हणाला, "पाणी जाईल."

त्याने सुरुवात केली. दहा झटके नीट गेले. विसाव्याला खांदा थरथरू लागला. सकाळपासून त्याच हाताने त्याने सहा फांद्या उतरविल्या होत्या. चार शेर लोखंड खाली ओढत होते आणि काप वर होता. तीस झटके झाले, आणि टोक निसटून खाली आले. मेहुण्याच्या कानाजवळून जाऊन ते त्याच्या खांद्याची कातडी सोलवटून गेले.

"दाजी," मेहुणा म्हणाला, "फांदी वर आहे. खाली मी आहे."

त्याचा आवाज मस्करीचा होता, परंतु ओठ पांढरे पडले होते. पाणी गळ्याशी आले होते.

करवत्याने पुन्हा करवत उचलली. ती उचलली गेली, पण फांदीपर्यंत पोचली नाही. पारासमोर अकरा थापा स्थिर राहिलेला तोच हात आता वाटीभर पाणी धरू शकला नसता. त्या क्षणी त्याला पागोटे सोडणारी बायको आठवली. तिच्या भावाचे काय झाले, हे आज संध्याकाळी तिला कोणीतरी सांगणार होते, आणि सांगणारा तोच असणार होता.

त्याने चारशेरी करवत पाण्यात सोडून दिली. काठाकडे वळून तो साऱ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "ती चाळण इकडे द्या."

कोणी हसले नाही. डफवाल्याने दोर दोन्ही हातांनी धरून ठेवला आणि पायाने करवत काठावरून ढकलली. करवत्याने ती झेलली.

हात तोच होता आणि तितकाच थकलेला होता. पण करवत वर गेली आणि वरच राहिली. दाते लाकडाला लागले, भुसा त्याच्या तोंडावर पडू लागला. त्याने मोजणे सोडून दिले. पाणी मेहुण्याच्या हनुवटीला लागले, तेव्हा काप दोन बोटे उरला होता. करवत्याने घाईने पाते कापात तिरके घालून फांदी उचकटायला घेतली.

"पिळू नका," मेहुणा मान मागे टाकून म्हणाला. "वाकेल ती."

करवत्याने पाते सरळ केले. आणखी आठ-दहा झटके, आणि फांदी कडकन तुटली. खोड दोरांना हिसडा देऊन थांबले. तुटलेले टोक त्याने खांद्याने ढकलले, मेहुण्याला काखेत धरले आणि काठावर ओढून आणले.

मेहुणा बराच वेळ खोकत राहिला. मग म्हणाला, "पीठ चाळून झाले का, दाजी?"

 करवत्या भोकांची करवत मांडीवर घेऊन उपरण्याने पुशीत बसला होता. एक एक भोक त्याने नीट कोरडे केले.

पाणी ओसरल्यावर चारशेरी करवत सापडली. ती घेऊन तो लोहारणीकडे गेला. "मावशी, ही वितळवा आणि मला अडीचशेरी घडवून द्या."

"वितळवायची कशाला?" लोहारीण म्हणाली. "तिने काय वाईट केले? जमिनीवरच्या ओंडक्यांना ती लागेलच. ती गावाच्या लाकूडवखारीत ठेव. तुझी अडीचशेरी मी गेल्या खंडेनवमीनंतर लगेचच घडवून ठेवली आहे. तू येशील हे ठाऊक होते, फक्त कोणत्या वाटेने येशील ते ठाऊक नव्हते."

मेहुणा दोन महिने लंगडत होता. पुढच्या वर्षी गावाने रीत बदलली. पूजा खंडेनवमीच्या सकाळीच राहिली. पण नवी करवत उचलायची ती आदल्या दिवशी, अष्टमीच्या संध्याकाळी, रानातून परतताना, अंगावरचा भुसा न झटकता. वजन ओरडून सांगणे बंद झाले. डफवाल्याने अकरा थापा तेवढ्या ठेवल्या, कारण त्याला तेवढ्याच येत होत्या.

नव्या रीतीने पहिली करवत उचलली ती आपल्या करवत्याने. अकरावी थाप पडली तेव्हा त्याचा हात थोडा कापत होता, परंतु करवत जागची हलली नव्हती. दुसऱ्या दिवशी पंक्तीत तो शेवटच्या पानावर बसला. शेजारी मेहुणा होता, आणि त्या वर्षी भात पुरला.

तात्पर्य : जे दिवसभर वागवायचे आहे, ते सकाळच्या उत्साहाने निवडू नये, संध्याकाळच्या थकव्याला विचारून निवडावे.