निमखाऱ्याचे मीठ

खाडीकाठच्या निमखाऱ्यात खारजाईच्या जेवणाला बसलात, तर पहिला घास गिळू नका. पानात आधी गुळात शिजवलेली मासळी पडते. ती तोंडात घ्यायची, जिभेवर नीट घोळवायची आणि देवळामागच्या धोंड्यावर जाऊन थुंकायची. शहरातले पाहुणे तोंडे वेडीवाकडी करतात. मग देवीचे म्हातारे पुजारी पदूबाबा समाधानाने म्हणतात, "आली ना किलस? यवालाच पायजे. आमचे वाडवडलांनी ह्योच गिललाय." आणि कथा सुरू करतात.

फार पूर्वी मीठ या शब्दाचा अर्थ गोड असाच होता म्हणे. परमुलखात अजूनही गोडाला मीठा म्हणतातच की! आज आपण ज्याला मीठ म्हणतो, त्याला तेव्हा निमखाऱ्यात नुसते खार म्हणत. तो खार पिकवायची नागूबाय आगरीण, नवऱ्यामागे एकटी. आगराचा, म्हणजे खार पिकवायच्या वाफ्यांचा, चिखल पायांनी तुडवून तुडवून घट्ट करावा, तेव्हा कुठे त्यावर खार धरतो. नागूबायच्या टाचांना पडलेल्या भेगांतून तो चिखल कधी निघालाच नाही.

गावचा खोत विसाजी एकदा बांधावरून चालला होता. ते पाय त्याने पाहिले आणि त्याला शिसारी आली. "शी! ही पायाखालची घाण आम्ही पानात घेतो?" त्याच दिवशी त्याने घरोघरची खाराची मडकी खाडीत रिती करवली आणि गुळाच्या ढेपा वाटल्या. पुनवेच्या उधाणाला उघाडी, म्हणजे समुद्राचे पाणी अडवणारे दार, उघडून आगर बुडवायचा हुकूमही सोडला.

"खोतानू, या आगराबिगर माजी चूल नाय पेटाची," नागूबाय म्हणाली. खोताने नाकाला उपरणे लावले. तेव्हा तिने खारजाईला नवस केला, असे सांगतात. खोताच्या तोंडून माझ्या खाराला मीठ म्हणव. नाहीतर उघाडीच्या तोंडाशी मी आडवी होईन.

मग गावाचे जे हाल झाले ते पदूबाबा बोटांवर मोजून सांगतात. खाराशिवाय वाळत घातलेली मासळी सडली, तिच्यात अळ्या वळवळू लागल्या. कालवणात गूळ, पेजेत गूळ, आंबाड्याच्या भाजीतही गूळ. भांड्यांना चिकट थर बसला, त्यावर माश्या घोंगावू लागल्या. पोरे जेवणाच्या वासानेच ओकत. खोताचीही चव मेली. पण बोललेले गिळायचे कसे? तो गुळातले बोंबील गिळत राहिला.

पुनवेला उधाण चढले. नागूबाय उघाडीशी जाऊन आडवी झाली. दार उघडायला गडी पुढे होईना, म्हणून खोत स्वतः निघाला. बांधावर चढताच तो ओकला. सकाळचे सगळे बाहेर पडले, भोवळ आली आणि तो तोंडावर आपटला तो थेट आगरात. नागूबायच्या पावलाच्या ठशात पांढरा खार धरला होता. खोताची जीभ त्या खाराला लागली.

खोताने तो चाटला. आधी थोडासा, मग हावरटासारखा. ओकारीने भरलेली दाढी चिखलात घासत तो ठशामागून ठसा चाटत गेला आणि म्हणू लागला, "मीठ! अगं, हे मीठ आहे! मीठ!"

नवस फळला होता, आगर वाचले होते. पण नागूबायला आनंद कसला होतोय! तिला त्याची किळसच आली. ती उठली, बाजूला थुंकली आणि म्हणाली, "खा, खोतानू. पाय धुवाचं राह्यलंय माजं."

तेव्हापासून खाराला मीठ म्हणू लागले. आजही मासळी थुंकून झाली की आगरातून तशीच उठून आलेली बाई मीठ वाढायला येते, आणि तिच्या पायांना चिखल असावाच लागतो. पहिला खडा खोताच्या वंशजाच्या पानात पडतो. तो तोंडात टाकून त्याने मोठ्याने "मीठ" म्हटल्याशिवाय निमखाऱ्यात कोणी भाताला हात लावत नाही.