पालथं भिक्षापात्र

किती वर्षं झाली म्हणून विचाराल, तर मला सांगता यायचं नाही. फार फार जुनी गोष्ट आहे, एवढं खरं.

पाच नद्यांच्या देशात एक यवन, म्हणजे ग्रीक वंशाचा, राजा राज्य करत होता. त्याचे पूर्वज डोंगरांपलीकडून, लांबच्या समुद्राकाठून आले होते. राजा मात्र इथलाच होऊन गेला होता; फक्त इथली बोली त्याला दुभाष्याकडून समजून घ्यावी लागे. बुद्धाचं वचन त्याच्या कानी पडलं आणि त्याला ते मनापासून पटलं. शिकार सुटली, मद्य सुटलं. एक खोड तेवढी काही सुटली नाही. काहीही करायचं, तर ते सगळ्यांत मोठं करायचं!

राजाने ठरवलं, स्तूप बांधायचा तर असा, की तीन दिवसांच्या वाटेवरून दिसला पाहिजे. जागाही हेरली, नगराबाहेरची उंच टेकडी. आता त्या टेकडीवर कुंभारांची चाळीस घरं होती.

"त्यांना नदीपलीकडे जागा द्या," राजा म्हणाला. झालं! त्याच्या लेखी प्रश्न मिटला.

अहो, नदीपलीकडे नुसती वाळू. वाळूची मडकी झालेली कुणी पाहिलीत का?

सेनापतीने हत्ती नेले. पहिल्याच दिवशी सात घरं पडली आणि भाजून निवत ठेवलेला मडक्यांचा आवा हत्तींच्या पायाखाली गेला. उरलेली घरं पौर्णिमेनंतर पाडायची ठरली. त्याआधी तीन दिवस राजा स्वतःच्या हाताने भिक्षुसंघाला जेवण वाढणार होता.

नगराच्या विहारात भद्रिका नावाची एक थेरी, म्हणजे वृद्ध भिक्षुणी, राहत होती. सत्तरी उलटलेली, अंगाने काटकुळी, जिभेने फटकळ. तिचा जन्म त्याच टेकडीवरचा. संसार सोडला तसं माहेरही सुटलं, असं पन्नास वर्षं ती स्वतःला बजावत आली होती.

गोमिल नावाचा म्हातारा कुंभार तिच्याकडे आला. "आर्ये, राजवाड्यावर गेलो होतो. दारातूनच हाकलून दिलं. तुमचं तरी कुणी ऐकेल का?" एवढं बोलून तो लहान मुलासारखा रडायला लागला.

थेरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक विहाराच्या प्रमुखांकडे, महास्थविरांकडे गेली.

"भंते, राजाच्या हातचं मी घेणार नाही. मी पात्र पालथं करणार."

त्या विहाराची ही जुनी रीत होती. ज्या दात्याने कुणावर अन्याय केला, त्याच्यापुढे भिक्षापात्र पालथं धरायचं. शिवी नाही, शाप नाही. तुझ्या हातचं आम्हाला नको, एवढंच.

स्थविर घाबरले. "भगिनी, डोक्यावरचं छप्पर राजाचं, ताटातला भात राजाचा. तो रागावला तर इथले दोनशे जण उपाशी मरतील."

"आणि टेकडीवरचे मेले तर चालतील?" थेरी म्हणाली. "संघाने काय करायचं ते संघ बघेल. हे पात्र माझं आहे."

पहिल्या दिवशी विहाराच्या अंगणात राजा वाढत वाढत तिच्यापुढे आला. तिने पात्र पालथं केलं. राजाला रीत कुठली ठाऊक असायला! यवनांच्या मेजवानीत ज्याचं पोट भरलं तो आपला पेला पालथा घालतो. राजा खुशीत हसला. "आजीबाई जेवून आलेल्या दिसतात! उद्या यांना खीर वाढा." शेजारच्या दुभाष्याला खरं काय ते कळलं होतं, पण जीव कुणाला नको असतो? तो गप्प राहिला.

दुसऱ्या दिवशी खीर आली. पात्र पुन्हा पालथं.

"राजा," थेरी म्हणाली, "माझं पोट रिकामं आहे. हे पात्र पालथं आहे ते तुझ्यामुळे."

दुभाष्याच्या तोंडचं पाणी पळालं. "हे मी कसं सांगू?"

"बोलले तसं सांग. एक शब्द गाळू नकोस."

त्याने सांगितलं. राजा लालबुंद झाला. "मी हे बुद्धासाठी करतोय! बुद्धासाठी!"

"बुद्धाने स्वतःचा राजवाडा सोडला. त्याला दुसऱ्याच्या झोपड्या कशाला लागतील?"

"या बाईला नगरात कुणी अन्नाचं शीतही घालायचं नाही!" राजा गरजला.

"बरं," थेरी म्हणाली आणि पालथं पात्र पुढ्यात ठेवून विहाराच्या दारात बसली.

तिला भूक लागली नव्हती असं समजू नका. पोटात आग पडली होती. भीतीही वाटत होती, पण जिवाची नव्हे. परवा हत्ती टेकडी चढतील याची. संध्याकाळी महास्थविर आले आणि मान खाली घालून जवळ उभे राहिले.

"भंते, उद्या तुम्ही खुशाल जेवा. मी रागावणार नाही," थेरी म्हणाली. "फक्त तो घास घशाखाली कसा उतरतो, तेवढं मला येऊन सांगा."

स्थविर आल्या पावली परतले.

पौर्णिमा उजाडली. नगारे वाजले, सगळं नगर लोटलं. राजाने सोन्याचा डाव खिरीत बुडवला आणि पहिल्या पात्रापुढे आला. ते पात्र महास्थविरांचं. त्यांनी राजाकडे पाहिलं आणि ते पालथं केलं. मग शेजारच्याने केलं, मग त्याच्या शेजारच्याने. दोनशे पात्रं पालथी!

राजा डाव हातात धरून उभाच राहिला. दान द्यायला एवढं सगळं होतं, आणि घ्यायला कुणी नव्हतं.

"आज्ञा द्या, महाराज! एकेकाला सरळ करतो," सेनापती म्हणाला.

"कसली आज्ञा देऊ?" राजा हळूच म्हणाला. "माझं दान घ्या म्हणून तलवार उगारू?"

त्याने कपाळावरची राजपट्टी सोडली. विहाराच्या दारात जाऊन तो थेरीपुढे वाकला. "चुकलो. क्षमा कर."

थेरी जागची हललीसुद्धा नाही. "मला कशाला सांगतोस? माझं घर पाडलंयस का तू?"

तेव्हा राजा दुभाष्याला घेऊन पायी टेकडी चढला. गोमिलची बायको फुटक्या खापरांचा ढीग उपसत होती. राजाने तिच्यापुढे हात जोडले. गोमिलची बोबडी वळली. बाईची नाही वळली.

"महाराज, भिंती पडल्यात. हात जोडून त्या उभ्या राहायच्या नाहीत."

राजाने ऐकलं. ज्या हत्तींनी घरं पाडली, त्यांच्याच पाठीवरून माती आणि लाकूड वर आलं. सातही घरांवर छप्पर चढेपर्यंत राजा टेकडीवर राहिला. थेरी तेवढे दिवस कुंभारांच्या भाकरतुकड्यावर होती. मग राजाने तिथेच, नव्या अंगणात, पंगत वाढली. थेरीने पात्र सुलटं केलं, पोटभर जेवली, आणि मीठ कमी पडल्याचं त्याला तोंडावर सांगून गेली.

स्तूप पुढे झाला. नदीपलीकडच्या वाळूत, जेमतेम पुरुषभर उंचीचा. तीन दिवसांची वाट राहू द्या, तो टेकडीवरूनही धड दिसत नसे. कुंभारांची चाकं मात्र त्या टेकडीवर पुढे कित्येक पिढ्या फिरत राहिली.

म्हणून मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही, ध्यानात ठेवा: दुसऱ्याचं घर मोडून केलेलं दान हे दान नव्हे, आणि ते नाकारायला राजालाही भिऊ नये.