बारावा चिमटा

एका उंच सड्यावर, म्हणजे सपाट कातळमाळावर, एक गाव होते. तिथे शेती बेताचीच, पण आभाळ मोकळे आणि सकाळचा वारा बहुधा शांत. त्यामुळेच की काय, त्या गावच्या लोकांनी फुग्यातून वर जाऊन पॅराशूटने खाली उडी मारण्याची विद्या कमावली होती. पॅराशूटला ते छत्री म्हणत.

त्या गावात सगुणा नावाची एक बाई होती. तिच्या हजारावर उड्या झाल्या होत्या. डोंगरापलीकडच्या एका माणसाने अडतीस किलोमीटर उंचीवरून उडी मारून विक्रम केला होता. सगुणाला एकोणचाळीस गाठायचे होते. त्या उंचीवर भर दिवसा आभाळ काळे दिसते. श्वास घ्यायला हवा नसते. अंगातल्या पोशाखाला टाचणीएवढे भोक पडले, तरी माणूस वाचत नाही. सगुणाने पाच वर्षे तयारी केली. बर्फाने भरलेल्या खोलीत ती तासन्‌तास बसून राही आणि बधिर झालेल्या बोटांनी छत्री उघडायची मूठ ओढण्याचा सराव करी.

तिच्या छत्रीची घडी घालण्याचे काम जिवाजीकडे होते. जिवाजीने साठी ओलांडली होती. लांब टेबलावर कापड पसरायचे, घडीवर घडी घालायची आणि घड्या सुटू नयेत म्हणून बारा लोखंडी चिमटे लावायचे. पिशवी बंद करताना ते चिमटे एकेक करून काढायचे आणि भिंतीवरच्या बारा खुंट्यांना अडकवायचे. एखादा चिमटा आत राहिला, तर दोऱ्या अडकून छत्री उघडत नाही. म्हणून बाराही खुंट्या मोजल्याशिवाय छत्री कोणाच्या हाती द्यायची नाही, असा गावाचा रिवाज होता.

उडीच्या दिवशी पहाटेपासून गर्दी झाली. सरपंच आबासाहेब हार घेऊन थेट घडीच्या खोलीत शिरले. त्या गडबडीतच जिवाजीने मोठी छत्री आणि त्याच चिमट्यांनी घडी घातलेली अडीअडचणीची धाकटी छत्री, दोन्ही सगुणाच्या पाठीवर बांधल्या. फुगा सुटला. त्याचे कापड कांद्याच्या पापुद्र्याइतके पातळ होते. असा फुगा एकदाच वर जातो आणि दुसरा शिवायला वर्ष लागते.

दोन तासांनी जिवाजी खोली आवरायला गेला. एक खुंटी रिकामी होती.

त्याने टेबलाखाली पाहिले. खिसे उलटे केले. मग तो आठवू लागला, की सकाळी आपण चिमटे मोजले होते का. मोजल्याचे त्याला स्पष्ट आठवत होते. पण ते आजचे की कालचे, हे काही केल्या ठरेना. तीस वर्षे रोज एकच गोष्ट मोजणाऱ्या माणसाचे असे होते.

तो धावत रेडिओपाशी आला. सगुणा सदतीस किलोमीटरवर पोचली होती.

आबासाहेबांनी त्याला बाजूला घेतले. "जिवाजी, तीस वर्षांत कधी चुकलास?"

"माझ्या माहितीत तरी नाही."

"मग आजच कसा चुकशील? वर एकटी आहे ती. तिच्या मनात किडा सोडू नकोस. चिमटा काय, पडला असेल कुठेतरी."

"असेलही," जिवाजी म्हणाला, आणि त्याने रेडिओ हातात घेतला. "सगुणा, एक चिमटा सापडत नाही."

"माझ्या छत्रीत आहे?"

"माहीत नाही."

"नाही, असं तरी सांगता येईल?"

"तेही नाही सांगता येत, पोरी. सकाळी मोजले की नाही, तेच मला आठवत नाही."

तिने ठरवलेली उंची दोन किलोमीटरवर होती. पाच वर्षे त्या दोन किलोमीटरसाठीच गेली होती.

"बरं काका," ती म्हणाली. "उतरते मी."

तिने फुग्यातला वायू सोडायला सुरुवात केली. दुपारी फुग्याखालचा, ती बसलेला पाळणा सड्यावर टेकला आणि फुगा करवंदीच्या जाळ्यांत अडकून फाटला. सर्वांसमोर दोन्ही छत्र्या उलगडल्या. आत चिमटा नव्हता. तो सापडला आबासाहेबांच्या अभिनंदनाच्या फलकाला. फलक वाऱ्याने उडतो म्हणून कोणीतरी खुंटीवरचा चिमटा नेऊन त्याला लावला होता.

गाव चिडले, आणि चिडले ते जिवाजीवर. "फुकट घाबरवलं म्हाताऱ्याने," असे लोक म्हणाले. कोणी म्हणाले, "आता घरी बसून गोधड्यांच्या घड्या घाला." जिवाजीला ते पटले. त्याने खोलीची किल्ली सगुणापुढे ठेवली. "यापुढे घडीचं काम गावातले दुसरे घडीवाले मारुतराव करतील. त्यांचा हात पक्का आहे."

सगुणा मारुतरावांकडे गेली. "घडी घालताना तुम्हाला कधी शंका येते?"

"शंका? मला?" मारुतराव हसले. "डोळे बांधून घालतो मी घडी."

"आणि आलीच, तर मी वर असताना सांगाल?"

"अगं, येणारच नाही, तर सांगायचं काय?"

सगुणाने त्यांना नमस्कार केला आणि किल्ली परत जिवाजीच्या हातात दिली. "काका, मला तुमचाच हात हवा. तुम्हाला जे माहीत नसतं, ते तुम्ही सांगता."

वर्षाने दुसरा फुगा तयार झाला. या वेळी घडीच्या खोलीला आतून कडी होती. सगुणा एकोणचाळीस किलोमीटरवर पोचली. पाळण्याचे दार उघडून ती उंबऱ्यावर उभी राहिली. पायाखाली पृथ्वीची निळी कड वाकलेली दिसत होती.

"काका, खात्री आहे ना?" तिने विचारले.

खाली रेडिओपाशी जिवाजी म्हणाला, "तीनदा मोजलेत. बारा आहेत. पण खात्री म्हणशील, तर ती तुझे पाय जमिनीला लागल्यावर सांगेन."

सगुणा हसली, आणि तिने पाऊल टाकले.

चार मिनिटे ती पडत होती. काळ्या आभाळातून निळ्यात आली, आवाजालाही मागे टाकून आली. एकदा गरगरू लागली, तेव्हा हातपाय पसरून तिने स्वतःला सावरले. मग तिने मूठ ओढली आणि सड्यावर केशरी छत्री फुलली. असे धैर्य गावाने कधी पाहिले नव्हते.

सगुणा उतरली. शिरस्त्राण काढून ती आधी जिवाजीकडे वळली.

"आता?"

"आता आहे," जिवाजी म्हणाला, आणि तिच्या पाठीवरचे पट्टे सोडू लागला.

तात्पर्य: जो आपली शंका वेळेवर आणि चारचौघांत बोलून दाखवतो, त्याच्या हाती जीव सोपवावा, आणि जो ती ऐकून हाताशी आलेला विक्रम सोडून देतो, त्याला उडी मारण्याआधीच शूर म्हणावे.