टिटवीची बातमी आणि परदेशी दाणा

फार लांबचं नाही, एक जंगल होतं. तिथं एक तळं होतं आणि ते कायम तुडुंब असायचं. निदान ‘राजवाणी’तले पोपट रोज सकाळी तसं ओरडून सांगायचे.

धुरपा टिटवीही राजवाणीतच नोकरीला होती. तिची अंडी तळ्याकाठी होती आणि पाणी रोज त्यांच्यापासून लांब सरकत होतं. एका सकाळी तिच्या तोंडून निघून गेलं, “तळं आटतंय!” दुपारी नोकरी गेली.

धुरपा घाबरली. पण पाणी जातंय कुठं, हा प्रश्न तिला स्वस्थ बसू देईना. अंडी नवऱ्यावर सोपवून ती वारुळापाशी जमलेल्या प्रजेकडे गेली.

“तळ्याला मिळणाऱ्या ओढ्याच्या वरच्या अंगाला जाऊन बघून येते. पण दिवसभर उडायचं तर दाणे कधी टिपू? तुम्ही एकेक दाणा द्या. दिसेल ते सगळ्यांना सांगेन.”

“माझ्याबद्दल चांगलं सांगशील?” सशानं विचारलं.

“नाही.”

“मग घे बाई,” म्हणत सशानं दाणा पुढं केला. मुंग्यांनी दिला, खारीनं दिला. परदेशातून पाहुणा आलेल्या करकोच्यानंही एक टाकला.

धुरपा गेली आणि किंचाळतच परतली, “पाणी मगरशेठच्या डोहात! ओढा अडवलाय!”

मगरशेठ म्हणजे वाघमहाराजांचे जिवलग. प्रजा खवळली. महाराजांनी ताबडतोब चौकशी लावली. पाण्याची नव्हे, दाण्यांची.

“बांधवांनो!” मंत्री तरसराव गरजले, “तळं भरलेलंच आहे! पाणी फक्त नम्रपणे खाली बसलंय! या अफवेमागे परदेशी दाणा आहे!”

उरलेसुरले दाणे अटकेत गेले. त्यांची कसून उलटतपासणी झाली. ‘दाणे तपासात सहकार्य करत नाहीत,’ असं पोपटांनी जाहीर केलं. मग म्हाताऱ्या मुंगीला बोलावलं.

“दाणा का दिलास?”

“पाणी कुठं गेलं ते कळावं म्हणून, साहेब.”

“लिहून घ्या,” तरसराव म्हणाले, “कटाची कबुली.”

फर्मान निघालं: टिटवीला दाणा देणं बंद. द्यायचाच तर ‘स्वतंत्र वार्ता निधी’त द्यावा. अध्यक्ष, मगरशेठ. देणगी पूर्णपणे ऐच्छिक. न देणाऱ्याचं बीळ सील.

धुरपा उपाशीपोटी अंड्यांवर बसून राहिली. आता कुणी फिरकणार नाही, असं तिला वाटलं. तेवढ्यात समोरून मुंग्यांची रांग निघाली. म्हातारी मुंगी इकडंतिकडं बघत पुटपुटली, “देत नाहीये गं. चालताना तोंडातून सांडला, तर आमचा काय दोष?”

तिचा दाणा सांडला. मागचीचाही सांडला. मग रांगभर सांडतच गेले. धुरपाला भरून आलं. तिनं दाणे टिपले, पंख झटकले आणि थेट राजवाड्यावर जाऊन ओरडली, “डोह वाढतोय! तळं संपतंय!”

संध्याकाळच्या आत दुसरं फर्मान आलं.

तेव्हापासून त्या जंगलात बोलायचं स्वातंत्र्य सगळ्यांना आहे. फक्त तोंड उघडायला परवाना लागतो.