हरणीची सरकी आणि गौराचं ताट

एका गावात गवळ्यांची आळी होती. त्या आळीत निलव्वा नावाची गवळण राहायची. तिच्या गोठ्यात हरणी नावाची म्हैस होती आणि घरात गौरा नावाची सून. जीव दोघींवर सारखाच, पण निलव्वाचा हात गोठ्याकडे जरा जास्त वळायचा.

दिवाळीचा पाडवा चार दिवसांवर आला होता. पाडव्याला गवळी म्हशी सजवून चावडीपुढे आणत, आणि सगळ्यांत देखण्या म्हशीच्या गळ्यात पितळी घंटा पडे. आळीत नुसती धांदल उडालेली. कुणी शिंगं रंगवतंय, कुणी कवड्यांच्या माळा ओवतंय. त्याच गडबडीत निलव्वाला कळलं, गौराला तिसरा महिना लागलाय. आणि गौराची सव्वा वर्षाची लेक बायडी तर अजून अंगावर पीत होती.

शेजारची तुळसव्वा दारातूनच म्हणाली, “पोटुशीचं दूध नासतं गं. पोर वाळून काटकी होईल.”

नात म्हणजे निलव्वाचा प्राण. तिनं कडुलिंबाचा पाला वाटला आणि गौराच्या छातीला लावायला लावला. बायडीनं तोंड लावलं, थूथू केलं आणि जी रडायला लागली ती थांबेना. पेज द्यावी तर थुंकायची, वरचं दूध पाजावं तर ओकायची. चार दिवसांत पोरीचे गाल बसले.

“बघ, मी म्हणत नव्हते?” तुळसव्वा म्हणाली. “आधी प्यायलेलं बाधतंय.”

वाळत तर गौराही चालली होती. त्या घरात सून सगळ्यांच्या मागून जेवायची. तिच्या वाट्याला भाकरीचा तुकडा आणि आमटीचं खरवडलेलं भांडं. तिकडे निलव्वा रोज संध्याकाळी हरणीपुढे भिजवलेली सरकी आणि शेंगपेंड ठेवायची, वर चिमटीनं मीठ टाकायची.

पाडवा उजाडला. हलगी कडाडली. हरणी अशी चकाकत आली, की लोक माना उंच करून बघायला लागले. पंच पुढे झाले, कासेकडे बघितलं, पोटाकडे बघितलं.

“निलव्वा, ही दुभती का गाभण?”

“दोन्ही,” निलव्वा ताठ मानेनं म्हणाली. “चार महिन्यांची गाभण आहे, आणि दोन्ही वेळ दूध देते.”

“मग एवढी तजेलदार कशी?”

“एक पोटातलं, एक धारेचं. तिला मी दुप्पट घालते, दादा. तोंडाला कमी पडू देत नाही.”

गर्दीत वा वा झाली. गौरा तिथंच उभी होती, कडेवर किरकिरणारी बायडी. ती हळूच म्हणाली, “आत्याबाई, एक विचारू? हरणीचं दूध नासलं म्हणून कुणी परत धाडलं का?”

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. तुळसव्वा तेवढी हसली नाही. तिची दोन्ही नातवंडं हरणीच्याच दुधावर वाढत होती.

निलव्वाचा चेहरा उतरला. चारचौघांत सुनेनं विचारलं होतं. डाफरली असती तर कुणी नवल केलं नसतं. पण तिनं आधी हरणीच्या भरल्या बरगड्या बघितल्या, मग गौराची वर आलेली गळ्याची हाडं. हातातला कासरा तिनं शेजारी उभ्या लेकाकडे दिला.

“घंटेचं तू बघ,” ती म्हणाली. “मला घरी काम आहे.”

गौराला घेऊन ती निघाली, वाटेत सुईणीलाही हाक मारून सोबत घेतलं. सुईणीनं गौराचं पोट चाचपलं. “खुशाल पाजू दे,” ती म्हणाली. “पोटात कळा आल्या, अंगावरून रक्त गेलं, तर मात्र मला लगेच बोलवा. आणि हिला खायला घाला.”

निलव्वानं ऊन पाणी आणलं आणि गौराच्या छातीवरचा कडुलिंब आपल्या हातानं धुतला. बायडीनं आधी वास घेतला, संशयानं आईकडे बघितलं, आणि मग अशी बिलगली की गटगट आवाज ओसरीपर्यंत. तेवढ्यात निलव्वानं ताट वाढलं. गरम भाकरी, घट्ट वरण, तुपाची धार, दुधाची वाटी.

“तुम्ही आधी बसा, आत्याबाई.”

“आजपासून तू आधी. दोघांचं पोट तुझ्यावर आहे.”

बाहेर हलगी जवळ आली. लेक घंटा वाजवत दारात उभा राहिला. निलव्वानं तिकडे बघितलंही नाही. ती दुसरी भाकरी थापत होती.

सात महिन्यांनी गौराला मुलगा झाला, चांगला गुबगुबीत. बायडी लगेच पुढे सरसावली. निलव्वानं तिला मांडीवर ओढलं. “थांब गं बाई, पहिला चीक बाळाचा, मग तुझी पाळी.”

तात्पर्य: अंगावरचं आणि पोटातलं, दोन्ही लेकरं एकाच आईच्या ताटातून वाढतात, तिचं दूध तोडण्याआधी तिचं ताट भरावं.