निरगुडीची रिकामी जागा

झाडं बोलत आणि माणसं त्यांचं ऐकत, त्या काळची गोष्ट. भागीरथीकाकूंच्या परसात तवशाचा वेल वाढत होता. पहिलं तवसं, म्हणजे ती मोठी पावसाळी काकडी, गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या माटवीला, म्हणजे लाकडी चौकटीला, बांधायची त्यांची रीत. म्हणून या वेलाचे फार लाड.

एक दिवस वेल कुरकुरला, "काकू, कुंपणातली ही निरगुडी माझं ऊन अडवते. ना फळ, ना भाजी. नुसती रानटी!"

निरगुडी हळूच म्हणाली, "माझ्याकडे पाहुणे येतात, त्यांच्यासाठी तरी राहू दे."

काकूंनी लाडक्याचं ऐकलं. निरगुडी मुळासकट उपटली.

पुढे वेल पिवळ्या फुलांनी भरला. फुलांमागे बोटभर तवशी दिसू लागली, पण एकेक करून पिवळी पडली आणि गळली. शेवटी एक थकलेली मधमाशी आली.

"अगं, केवढी फुलं आहेत! तुम्ही फिरल्याशिवाय फळ धरत नाही. तुझ्या बहिणींना बोलाव ना," वेल म्हणाला.

"कुणाला बोलावू? तुझी फुलं आत्ता उमलली. तोवर आम्ही निरगुडीवर जगत होतो. ती गेली नि बहिणी उपाशी मेल्या रे."

गणपतीच्या आदल्या दिवशी काकू परसात आल्या. कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते कुजतं, असं त्या मानत. गळलेली तवशी ओच्यात गोळा करत त्या रडवेल्या झाल्या. "कुणी रे बोट दाखवलं माझ्या तवशांना?"

वेलाने आधारासाठी आपला तणावा निरगुडीच्या जागेकडे लांबवला. तिथे धरायला काहीच नव्हतं.