फेटेवाल्याच्या पोटातला गोळा

फार पूर्वी एक राजा होता आणि त्याला फुटबॉलचा भारी नाद होता. राजाच्या गोष्टीत फुटबॉल कुठून आला, असं विचारू नका. कुणाला शिकारीचा नाद असतो, कुणाला कुस्तीचा, ह्याला फुटबॉलचा होता. दिवाळी सरली की राजधानीच्या मैदानावर बारा गावांचे सामने भरत. जिंकेल त्या गावाला राजाच्या हातून चांदीची ढाल मिळे. पण नियम मोठा कडक होता. जो संघ सलग तीन वर्षं पहिल्याच सामन्यात हरेल, त्याच्या गावाचा झेंडा मैदानावरून कायमचा उतरवायचा. मग कितीही नाकं घासली तरी त्या गावाला पुन्हा खेळता येत नसे.

ह्या बारांतल्या एका गावात एक फेटेवाला राहायचा. सगळं गाव त्याला तात्या म्हणायचं. लग्न असो, जत्रा असो, नाहीतर कुणाचा सत्कार असो, फेटा बांधायचा तो तात्यानंच. शाल झाली, नारळ झाला, पण तात्याच्या हातचा फेटा डोक्यावर बसला नाही तर त्या गावात त्याला सत्कार म्हणतच नसत. तात्याला मूलबाळ नव्हतं, घरात नवरा-बायको दोघंच. त्याचा सगळा जीव गावच्या संघात. सामन्यांचे दिवस सोडले तर उरलेलं वर्ष तो मागच्या सामन्यांच्या आठवणींवर आणि पुढच्या सामन्यांच्या काळजीवर काढायचा.

आणि काळजी तरी किती! सामने जवळ आले की ह्याच्या पोटात गोळा. ताटावर बसला की घास उतरत नाही, अंथरुणावर पडला की डोळा लागत नाही. बायको म्हणायची, "अहो, खेळणारी पोरं खुशाल घोरतायत, तुम्हीच का जागताय?" तो कूस बदलायचा.

त्या वर्षी तर काळजीला कारणही तसंच होतं. गावचा संघ दोन वर्षं पहिल्याच सामन्यात गारद झाला होता. यंदा हरलं की झेंडा उतरला. मग तात्यानं वर्षभर वाट बघायची ती कशाची?

पण पाटलांनी कंबर कसली. बैलगाडी जोडून त्यांनी सगळा मुलूख पालथा घातला आणि चार नवे खेळाडू गावात आणून वसवले. समुद्राकाठचा गोलकीपर आणला, तो इतका उंच की गावातल्या प्रत्येक दारात त्यानं कपाळ आपटून घेतलं. डोंगरापलीकडच्या दोन गावांतून दोन बॅक आणले, एकेक असा दणकट की बैलाला अडवावं. आणि एक फॉरवर्ड आणला. त्याच्या पायाला म्हणे चेंडू चिकटूनच असायचा. जुन्या संघातली सात पोरं होतीच, त्यांतलाच एक कप्तान.

मग काय विचारता! गाव हरखून गेलं. पारावर दुसरा विषय नाही.

"यंदा ढाल आपलीच."

"ढाल तर झालीच, पण ठेवायची कुठे ते बोला. देवळात का चावडीत?"

"चावडीत कशाला? उंदीर झालेत तिथं."

"अरे, चांदी खातोय होय उंदीर?"

ह्या ढालीच्या जागेवरून दोन चुलतभावांचं बोलणं बंद झालं, आता बोला! सामना व्हायचा होता, ढाल राजाच्या वाड्यात होती, आणि ह्यांची भांडणं होऊन गेली.

आनंद झाला की त्या गावाला एकच गोष्ट सुचायची, ती म्हणजे सत्कार. पहिला सत्कार पाटलांनी केला, ते ठीकच होतं. मग वरच्या आळीनं केला. वरच्या आळीनं केला म्हटल्यावर खालची आळी मागे राहते काय? मग तालमीचा, मग भजनी मंडळाचा, मग शाळेचा. सकाळी कुणाकडे पोहे, दुपारी कुणाकडे पुरणपोळी, संध्याकाळी कुठे भाषणं. चारही खेळाडू बिचारे सभ्य. बोलावलं की जायचे, वाढलं की खायचे. आणि प्रत्येक ठिकाणी तात्या हजर, खांद्यावर फेट्यांचं गाठोडं घेऊन.

तात्यालाही पहिल्यांदा बरं वाटलं, खोटं कशाला बोला. एवढ्या मोठ्या खेळाडूंची डोकी त्याच्या हाताखालून जात होती. चारचौघांत "तात्या आले, तात्या आले" व्हायचं. पण सत्काराला जाता-येता त्याची वाट गावच्या मैदानावरून होती. तो रोज बघायचा, मैदानावर कप्तान आणि जुनी सहा पोरं आपापसांत चेंडू ढकलत असायची आणि सारखी गावाकडे बघायची. गोलच्या दोन खांबांमध्ये कुणाची तरी शेळी चरत असायची. नवे चौघे तिथं कधीच दिसायचे नाहीत. ते जिथं दिसायचे तिथं तात्या स्वतःच त्यांना फेटे बांधत असायचा.

तात्याच्या पोटात पुन्हा गोळा आला. एका संध्याकाळी त्यानं पारावर धीर करून तोंड उघडलं.

"मी काय म्हणतो, ह्या चौघांनी आपल्या पोरांबरोबर जरा सराव..."

"तात्या!" सगळे एकदम ओरडले. "शुभ बोला की हो! एवढे मोठे खेळाडू, त्यांना सराव शिकवताय तुम्ही?"

"दरवर्षीचंच आहे ह्यांचं. तात्याच्या पोटात गोळा आला, म्हणजे सामने जवळ आले!"

सगळे खो खो हसले. तात्याही ओशाळून हसला. आपल्या तोंडून अशुभ निघालं आणि खरंच हरलो, तर गाव आपल्यालाच धरेल, ह्या विचारानं त्याला घाम फुटला. त्या दिवसापासून त्यानं तोंडाला कुलूप घातलं.

दोन दिवसांनी कप्तान त्याच्या घरी आला. ओसरीवर बसला, पण पाणी दिलं ते नुसतं हातात धरून राहिला.

"तात्या, सामन्याला आठवडा राहिलाय. नवे चौघे आणि आम्ही अजून एकदा एकत्र खेळलो नाही. मला झोप लागत नाही."

"मग सांग की पाटलांना."

"मी कसं सांगू? म्हणतील, नव्यांचा मान बघवत नाही ह्याला, पोटात दुखतंय." कप्तानानं तांब्या खाली ठेवला. "तुम्ही एक करा. आता कुणी फेटा बांधायला बोलावलं की नाही म्हणा. काहीही कारण सांगा, हात दुखतोय म्हणा. तुमच्या फेट्याशिवाय सत्कार करायची कुणाची छाती नाही. सत्कार थांबले की चौघे मैदानावर येतील. एवढं कराच तात्या, पाया पडतो."

तात्यानं आपल्या हातांकडे बघितलं. खरंच की! सगळ्या गावाचे सत्कार आपल्या ह्या दोन हातांवर चाललेत. आपण नाही म्हटलं की संपलं. पण नाही म्हणायचं, म्हणजे गावाच्या आनंदावर पाणी ओतायचं. आणि एवढं करून हरलो तर?

"उद्यापासून नाही म्हणतो," तात्या म्हणाला. "शब्द दिला."

दुसऱ्या दिवशी सकाळीच कुंभार दारात उभा. "तात्या, आज माझ्याकडे चौघं जेवायला येतायत. गरिबाचं घर आहे, पण हौस आहे." त्या कुंभाराच्या घरी आजवर कधी कुणाचा सत्कार झाला नव्हता. त्याला नाही कसं म्हणायचं? तात्यानं मनाशी ठरवलं, आज एवढा कुंभाराचा, मग उद्यापासून बंद.

उद्या मास्तर आले. मास्तरांनी तात्याच्या पुतण्यांना शिकवलं होतं. परवा पाटलांकडे पाहुणे उतरले आणि त्यांना दाखवायला पुन्हा एकदा सत्कार ठरला. पाटलांना नाही म्हणणं म्हणजे काय खाऊ आहे? प्रत्येक वेळी तात्या गाठोडं उचलताना म्हणायचा, एवढं झालं की बस्स. मैदानाच्या वाटेनं जायचं मात्र त्यानं सोडलं. तो आता लांबून, ओढ्याच्या कडेकडेनं जायचा, म्हणजे कप्तानाची नजर चुकवता येई.

असं करता करता उरला एक दिवस. त्या दिवशी कुणाकडेच सत्कार नव्हता. तात्यानं सुटकेचा निःश्वास सोडला. चला, एक दिवस तर एक दिवस, आज चौघे मैदानावर जातील.

तेवढ्यात बायको चुलीपासून म्हणाली, "अहो, सगळ्या गावाकडे तुम्ही फेटे बांधलेत. आपल्याच घरी ते चौघे आले नाहीत. लोक काय म्हणतील? बोलवायचं का आज?"

तात्याच्या पोटातला गोळा एवढा मोठा झाला होता की श्वास घेता येईना. नको म्हणावं, असं अगदी ओठांवर आलं. पण त्याच्या डोळ्यांसमोर त्याची ओसरी आली, ओसरीवर बसलेले चौघे आले, रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघतायत असं दिसलं. सगळ्यांना मिळालं ते आपल्याला नको का? आणि एका दिवसाच्या सरावानं असा काय फरक पडणार आहे?

"बोलव," तो म्हणाला.

चौघे आले, जेवले. बायकोनं आग्रह करकरून वाढलं. मग तात्या फेटे बांधायला उठला. गोलकीपर उंच म्हणून त्याला पाटावर बसवला. फेट्याचा पीळ घालता घालता तात्यानं ऐकलं, गोलकीपर हळू आवाजात विचारत होता, "तात्या, इथलं मैदान ओढ्याच्या अलीकडे आहे का पलीकडे?"

तात्याचे हात क्षणभर थांबले. पुढच्या क्षणी तो हसला, "अलीकडे, अलीकडे" म्हणाला आणि त्यानं फेट्याचा तुरा काढला. तुरा फार सुंदर निघाला होता, सगळे वा वा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव गाड्या जुंपून राजधानीला गेलं. समोर माळावरच्या गावाचा संघ होता. किडकिडीत, उन्हानं रापलेली पोरं, त्यांच्यात नाव घ्यावं असं कुणी नाही. शिट्टी झाली आणि थोड्याच वेळात आपल्या फॉरवर्डनं एकट्यानं चेंडू नेऊन असा गोल मारला की राजासुद्धा उठून उभा राहिला. गाव नाचायला लागलं. हलगी कडाडली. शेजारच्यानं तात्याच्या पाठीवर थाप मारली, "गेला का गोळा?"

गोळा गेला नव्हता. तात्या चेंडूकडे बघतच नव्हता. तो बघत होता की आपली माणसं एकमेकांकडे बघतच नाहीत. फॉरवर्डला चेंडू मिळाला की तो सोडत नाही आणि कप्तान मोकळ्या जागेत हात वर करून उभा. माळावरची पोरं मात्र मागे न बघता चेंडू देत होती, आणि तिथं त्यांचा माणूस असायचाच. उत्तरार्धात त्यांनी बरोबरी केली. हलगी थांबली.

आणि अगदी शेवटी तो चेंडू आला. जोरात नव्हता, पोरासोरांनी अडवावा असा लोळत आला. आपला बॅक पुढे झाला, पण गोलकीपर घेईल म्हणून थांबला. गोलकीपर वाकला, पण बॅक मारेल म्हणून थांबला. दोघांनी मोठ्या अदबीनं एकमेकांकडे बघितलं आणि चेंडू दोघांच्या मधून आत गेला.

राजाच्या शिपायानं दोरी सोडली. बाराव्या काठीवरचा आपल्या गावचा झेंडा खाली आला, त्याची घडी करून त्यानं ती पाटलांच्या हातात दिली. गाड्या परत निघाल्या. तात्या रडत होता, आणि कुणी बघितलं तरी त्याला त्याचं काही वाटत नव्हतं.

नंतरच्या दिवसांत एकेक जण तात्याच्या ओसरीवर यायला लागला. पहिल्यांदा कुंभार आला. "तात्या, खरं सांगू? त्या दिवशी चौघांना वाढताना माझ्या मनात आलं होतं, की ही माणसं आत्ता मैदानावर पाहिजेत. पण सगळं गाव करतंय, मग मीच कशाला अपशकुन करू?"

मग मास्तर आले. "मला तेव्हाच वाटलं होतं, तात्या."

गावाचा निरोप घेताना फॉरवर्ड म्हणाला, "आम्हाला रोज वाटायचं हो. पण तुम्ही सगळे इतक्या मायेनं बोलवत होता, नाही कसं म्हणायचं?" खुद्द पाटील आले, पायरीवर बसले आणि मान खाली घालून तेच बोलले. पारावर हसणारे आले, तेही तेच बोलले. तात्या ऐकत राहिला. ज्या गोळ्यानं त्याला महिनाभर झोपू दिलं नव्हतं, तोच गोळा घराघरात होता, आणि आपण सोडून बाकी सगळे आनंदात आहेत असं ज्याला त्याला वाटत होतं.

त्या रात्री जेवताना तात्यानं बायकोला हे सगळं सांगितलं.

"मी बोलवायचं का म्हणून विचारलं खरं," ती म्हणाली, "पण मनात देवाचा धावा करत होते, की तुम्ही नको म्हणाल."

तात्यानं हातातला घास खाली ठेवला.

तात्पर्य काय, तर मनात शंका आली की ती हसं झालं तरी वेळेत बोलावी, आणि एकदा हसं झालं तर पुन्हा बोलावी. हरल्यावर "मला तेव्हाच वाटलं होतं" असं सगळं गाव म्हणतं, पण उतरलेला झेंडा त्यानं वर चढत नाही.